नऊ मिनिटांचा शालिक

शालिक,

तू गेलास त्या सकाळी पुष्पावहिनींनी माझ्यावर एकच काम सोपवलं. दवाखान्यातून तुला कामठीला न्यायला गाडी सांगायची. अर्धं आयुष्य माईक धरून लोकांसमोर उभा राहिलेला माणूस एक फोन तर नीट करेल, असं त्यांना वाटलं. मी नंबर लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, जरा होल्ड करा हं," आणि माझ्या कानात तू वाजायला लागलास.

'सव्वापाच'. तुझीच धून, तुझाच सॅक्सोफोन. शववाहिकेच्या होल्डवर.

मी दवाखान्याच्या पायरीवर कान धरून उभा. मुलगी परत आली. "बोला सर, बॉडी कुठून घ्यायची आहे?" मी म्हणालो, "थांबा हो ताई, हे संपू द्या." तिने फोन ठेवला. मी पुन्हा लावला, पुन्हा होल्ड, पुन्हा तू. शेवटी तुझ्या पुतण्याने, राजूने, माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि दोन मिनिटांत गाडी ठरवली. म्हणजे तुझ्या शेवटच्या कामातही मी घोळ घातलाच. तू असतास तर म्हणाला असतास, "याच्यापेक्षा मी चालतच गेलो असतो गा."

पेपरात तुझ्याबद्दल पुष्कळ आलं आहे. कुठे जन्मलास, किती देश फिरलास, लग्नाच्या बँडमधला पोरगा पॉप आणि जाझ एकत्र करून कुठल्या कुठे कसा गेला. ते मी इथे सांगत नाही. त्यातलं निम्मं पत्रकारांना मीच सांगितलं आहे, त्यामुळे ते चुकीचं असण्याचा संभव आहे. पण एका जाणकार गृहस्थांनी लिहिलेलं वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. 'सव्वापाच'च्या बरोबर मध्यावर अर्ध्या मात्रेचा जो हिसका बसतो, ज्याने ऐकणाऱ्याचा पाय क्षणभर अधांतरी राहतो, तो म्हणे लयीशी इतका धीटपणे खेळणाऱ्या कलावंताची सही आहे.

ती सही कुणाची आहे हे आपल्या दोघांनाच माहीत होतं. आता मला एकट्यालाच आहे. आणि त्या हिसक्याच्या मागे आणखी एक गोष्ट आहे, ती तुलाही माहीत नव्हती. निदान मी तरी तुला कधी सांगितली नाही. सांगायला म्हणून दवाखान्यात आलो होतो, तर तिथे चिंचेची गोष्ट सांगून बसलो.

चिंचेपासूनच सुरू करतो. मला सरळ सुरुवात कधी जमली आहे?

तू ऑर्केस्ट्रात नवीन होतास. कामठीच्या छावणीतल्या एका रिटायर बँड हवालदाराने तुला सॅक्स शिकवला होता, परदेशी रेकॉर्डी ऐकवल्या होत्या, आणि तुझ्या बाबांच्या बँडात लग्नं वाजवून झाल्यावर तू आमच्याकडे यायचास. मी दिवसा पाटबंधारे खात्यात कारकून आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्राचा निवेदक. खंडेनवमीला मालक सगळ्या वाद्यांची पूजा करायचे. तुमच्या घरी ते नसतं. तू सॅक्स आमच्या खोलीत ठेवून दीक्षाभूमीवर आलेल्या लोकांना पाणी वाटायला गेलेला. मालक मला म्हणाले, "विजय, वाद्यं जरा चकाचक कर." मी तुझा सॅक्स पाहिला. पितळ. आमच्या आईने पितळेला दुसरं काही लावल्याचं मी पाहिलं नव्हतं. मी अर्धा पाव चिंच भिजवली, सॅक्स नळाखाली धरला आणि घंगाळ घासावं तसा आतून-बाहेरून घासला.

सॅक्सोफोनच्या भोकांवर चामड्याच्या छोट्या गाद्या असतात हे मला कुठून माहीत असणार? त्या पाणी पिऊन भज्यासारख्या फुगल्या. वरचा सोनेरी मुलामा जागोजागी निघाला. तू दुसऱ्या दिवशी आलास, हार घातलेला तुझा सॅक्स पाहिलास, एकदा वास घेतलास. मला वाटलं, आता मार बसतो. तू म्हणालास, "विज्या, आमटीत टाकणार होता का गा?" आणि मग, अगदी शांतपणे, "अजून काही घासायचं असन तर मले घास."

कामठीच्या एका चांभाराकडून तू नव्या गाद्या कापून आणल्यास. मुलाम्यावरचा चट्टा मात्र शेवटपर्यंत राहिला. परदेशात लोक त्या चट्ट्याला हात लावून विचारायचे, फार जुनं वाद्य आहे का? तू माझ्याकडे बोट दाखवायचास. "याले विचारा. यानं जुनं केलं."

दुसऱ्या कुणी मला उभं केलं नसतं. तू काय केलंस? मालकांना सांगितलंस की माझ्या आधी विज्याच बोलणार. कारण एकदम व्यवहारी होतं. सॅक्सच्या तोंडाला बोरूची पातळ पट्टी असते, रीड. ती वाजवण्याआधी तोंडात धरून चांगली ओली व्हावी लागते. कोरडी असली तर सूर फाटतो. तर तुझी रीड ओली होईपर्यंत मी बोलायचं, आणि तू विंगेत दोनदा पाय आपटलास की थांबायचं. माझ्या आयुष्यभराच्या निवेदनाचा उपयोग हा एवढाच. दुबईत आयोजकांनी विचारलं की या माणसाचं विमानाचं तिकीट कशासाठी, तेव्हा तू म्हणालास, "हा बोलल्याशिवाय माही रीड ओली होत नाई." माझा इतका मोठा सन्मान ना खात्याने केला ना घरच्यांनी.

आता कात्री.

'सव्वापाच' हे नाव मीच दिलं होतं. कामठीची सव्वापाचची बस तुला जन्मात कधी सापडली नाही, म्हणून. नेहमी शेअर ऑटोत कोंबून घेऊन उशिरा यायचास. रेकॉर्डिंगच्या दिवशी मात्र वेळेवर आलास, आणि मला तेच कसंतरी वाटलं. बाबांना जाऊन चारच दिवस झाले होते. मी म्हणालो, पुढे ढकलू. तू म्हणालास, "नाई. आजच."

बाबा बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. नवरीची पाठवणी आली की सगळा बँड गप्प व्हायचा आणि फक्त त्यांचं क्लॅरिनेट वाजायचं. नवरी गाडीत बसेपर्यंत. मी दोन-तीनदा ऐकलं होतं. वरपक्षाची माणसंसुद्धा रुमाल काढायची. ते कुठे लिहिलेलं नव्हतं, दरवेळी थोडं वेगळं असायचं. आणि त्या दिवशी धून अर्ध्यावर आली तेव्हा, मधल्या मोकळ्या जागेत, तू ते सॅक्सवर घेतलंस. आधी बाबांसारखंच, सावकाश. मग ते तुझ्या हवालदाराच्या रेकॉर्डींसारखं डोलायला लागलं, मग पुन्हा रडवेलं झालं, मग असं काही झालं की मला त्याला शब्द नाही. मला सुरातलं काही कळत नाही, मला फक्त बोलता येतं, हे तुला माहीत आहे. मी काचेच्या अलीकडे रेकॉर्डिस्टच्या शेजारी बसलो होतो. ते म्हातारे गृहस्थ घाबरून माझ्याकडे वळले, "काय झालं साहेब? बोलून नाही राहिले?"

मी आयुष्यात खरोखर गप्प बसलो अशी ती एकच पाच मिनिटं.

धून नऊ मिनिटांची झाली. दोन मिनिटं सुरुवात, पाच मिनिटं बाबा, दोन मिनिटं शेवट. बाहेर येऊन तू चट्ट्यावरून हात फिरवत म्हणालास, "पुन्हा नाई वाजणार गा हे. मी वाजवलं नाई. वाजलं." आणि बँडबरोबर तीन दिवस गोंदियाकडे लग्नं वाजवायला निघून गेलास.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या कॅसेट कंपनीतून फोन आला. साहेब म्हणाले, "चार मिनिटं. पाचवं मिनिट कुणी ऐकत नाही. टेप आजच्या गाडीने निघाली पाहिजे." तुला कळवायला गोंदियाच्या लग्नघरात फोन नव्हता. मी तुझा मॅनेजर होतो. म्हणजे मीच मला नेमलं होतं. मी स्टुडिओत गेलो. म्हाताऱ्यांनी टेप ताणून धरली आणि विचारलं, "कुठून कापू? बोट ठेवा."

मी बोट ठेवलं. सुरुवातीच्या शेवटी एक, शेवटच्या सुरुवातीला एक. दोन्ही टोकं चिकटवली. माझ्यासारख्या बेताल माणसाचं बोट ते, अर्धी मात्रा चुकलं. म्हातारे म्हणाले, "साहेब, इथे उडी बसून राहिली." मी म्हणालो, "कोणाले समजते?"

अख्ख्या जगाला समजली ती उडी. फक्त माझी आहे हे समजलं नाही.

तू परत आलास आणि स्टुडिओत उभ्यानेच ऐकलंस. ती जागा आली तेव्हा तुझा हात, जिन्यावर एक पायरी कमी असावी तसा, भिंतीकडे गेला. चेहरा मी विसरलेलो नाही. तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू विचारलंस, "विज्या, बाबा कुठी गेले?"

मी धाडधाड बोलत सुटलो. बाजार, कंपनी, लोकांची सवय, नवी पिढी. मग म्हणालो, "पूर्ण नऊ मिनिटं मी कॅसेटवर उतरवून घेतली हायेत ना गा! कापायच्या आधी. हे पाहा." खिशातून काढून दाखवली. तेवढं एक शहाणपण मी केलं होतं. तू ती हातात घेतलीस, दोन्ही बाजूंनी पाहिलीस आणि मला परत दिलीस. "माह्या घरी लेकरं फीत काढून पतंगाले लावतीन. तुह्याकडेच राहू दे. तू सरकारी माणूस. तुह्याकडून कागद हरवत नाई."

घरी येऊन मी त्या कॅसेटवर लाल शाईने लिहिलं, 'महत्त्वाचे'.

पुढचं तुला माहीत आहे, कारण ते तू जगलास. चार मिनिटं चालली. अशी चालली की लिफ्टमध्ये वाजली, हॉटेलात वाजली, रिसेप्शनला नवरा-नवरी येताना वाजली. तुला मुंबईने बोलावलं, मग समुद्रापलीकडच्यांनी. मागे कीबोर्ड, ड्रम, चकचकीत दिवे. जाझवाले म्हणायचे, "गोड आहे," आणि ते गोड शिवीसारखं लागायचं. साधे ऐकणारे म्हणायचे, "छानच आहे, पण मधेमधे काय वाजवता ते समजत नाही." एकदा तू म्हणालास, "विज्या, मी कामठी आन् नागपूरच्या मधातल्या स्टॉपवर उभा हाओ. दोन्हीकडच्या बस भरून जाऊन राहिल्या." मी हसलो. तू हसला नव्हतास.

आणि ती उडी! लोकांना रेकॉर्डवरच्यासारखीच हवी, म्हणून तुला ती जन्मभर वाजवावी लागली. परदेशातल्या एका तालमीत तिथला गोरा ढोलकीवाला, म्हणजे ड्रमर, घाम गाळत बोटांवर मात्रा मोजत होता. जमली तेव्हा त्याने उठून तुला मिठी मारली. त्याच्या खांद्यावरून तू माझ्याकडे पाहिलंस. मी पाण्याची बाटली उघडण्यात फार गुंतलो होतो.

आपलं भांडण मिटलंच नाही. वर्षातून दोनदा तरी, तुझ्या कामठीच्या ओट्यावर.

"मी कापलं म्हणून लोकांनी ऐकलं," मी म्हणायचो. "नऊ मिनिटं ठेवली असती तर तू आजही गोंदियाले वराती वाजवत असता."

"असतो ना. मंग?"

"मंग काय मंग! जग पाहिलं तू."

"चार मिनिटांचा शालिक गेला गा जग पाहाले. नऊ मिनिटांचा इथंच बसून हाये." मग, "आण ना कधी ती कॅसेट. एकदा ऐकू. बाबानं थे खालून वर कसं आणलं होतं, मले आठवूनच नाई राहिलं. जेवढं वाजवून पाहतो तेवढं पुसल्या जाते."

"आणतो ना," मी म्हणायचो.

शालिक, आता ऐक. माझ्या खणातल्या सगळ्याच कॅसेटींवर 'महत्त्वाचे' लिहिलं होतं. खात्यात मी प्रत्येक फायलीवर ते लिहायचो, हाताला वळणच पडलं होतं. मेव्हण्याच्या, म्हणजे सुनंदाच्या भावाच्या, लग्नाची कॅसेट महत्त्वाचे, पापडाचं प्रमाण सांगणारी मावशी महत्त्वाचे, रिकामी कॅसेटही महत्त्वाचे. आणि तू मुंबईचा पहिला कार्यक्रम करून आलास तेव्हा कामठीत तुझा सत्कार ठरला. निवेदन माझं. ते कानाला कसं लागतं हे तपासायला मी नागपुरात वाडीला राहायचो त्या भाड्याच्या खोलीत टेपरेकॉर्डर काढला, खणातून हाताला लागली ती कॅसेट घातली आणि तुझी ओळख करून देण्याचा सराव केला.

वर्षभराने तू पहिल्यांदा मागितलीस. मी घरी जाऊन लावली. धून यायच्या जागी माझा आवाज आला. "रसिकहो, नमस्कार!" मी बटण दाबलं, कॅसेट काढली, खणात सगळ्यांत मागे टाकली. पुढे काय आहे ते ऐकायची हिंमत झाली नाही. स्टुडिओत धावलो, तर कापलेला तुकडा केव्हाच केरात गेला होता. काही वर्षांनी ते म्हातारेही गेले.

मग मी बोललो, जे मला जमतं ते. कॅसेट सापडत नाही. वाडीहून हुडकेश्वरला घर हलवताना खोक्यात गेली. खोकं माळ्यावर आहे. माळ्याला रंग देणं चालू आहे. कॅसेट आहे पण टेपरेकॉर्डर बिघडला. टेपरेकॉर्डर आहे पण दुरुस्त करणारा गावाला गेला. असा खोटेपणा वीस-पंचवीस वर्षं नीट फायलिंग करून सांभाळला. तू दरवेळी मान हलवायचास. "बरं. सापडली का सांग."

तुझ्या फुफ्फुसांच्या आजाराचं निदान झालं तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आतून ती हळूहळू दगडासारखी घट्ट होत जातात, यावर इलाज नाही, आपण फक्त त्रास कमी करू शकतो. जन्मभर श्वासावर जगलेला माणूस. मी त्यांना विचारलं, "चिंचेने काही होतं का?" का विचारलं, मला अजून माहीत नाही. ते माझ्याकडे बघत राहिले.

ऑक्सिजनची नळी लागल्यावर तू शब्द मोजून वापरायला लागलास. एका वाक्याला दोनदा थांबावं लागायचं. आणि तसल्या महाग शब्दांतले दोन तू रोज माझ्यावर खर्च करायचास. "सापडली का?"

त्या मंगळवारी मी ठरवून आलो होतो. बसमध्ये पाठ केलं होतं, शालिक, मी ती पुसली, माझ्याच बडबडीने पुसली, मला माफ कर. खुर्ची ओढली. तू माझ्याकडे पाहिलंस. आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "आठवते का गा, त्या मालकानं मले सॅक्स चकाचक करायले सांगितला होता..."

तू हसायला लागलास. आवाज नाही, नुसते खांदे. मग खोकला. मग यंत्र कुईकुई करायला लागलं, नर्स धावत आली. पुष्पावहिनी दारातून म्हणाल्या, "भावजी, हात जोडते तुम्हाले, यायले हसवू नका ना." मी बाहेर कॉरिडॉरमध्ये उभा. माझ्याजवळ तुला द्यायला हसण्याशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि तेही तुला सोसत नव्हतं.

अर्ध्या तासाने त्यांनी मला आत सोडलं, गप्प बसायच्या अटीवर. मग तू नळी जरा बाजूला केलीस. "विज्या."

"बोलू नको गा."

"त्या कॅसेटवर..." एक थांबा. "जे हाये..." आणखी एक. "थेच आण. ऐकू."

तेच म्हणालास तू. जे आहे तेच. गेले पंधरा दिवस मी त्या चार-पाच शब्दांना उलटंसुलटं करून बघतोय. तुला माहीत होतं का? केव्हापासून? माहीत असून दरवेळी "सापडली का" विचारायचास? मी सांगावं म्हणून? की जीव दमला होता आणि जे तोंडाला आलं ते बोललास? मला विचारायला हवं होतं. मी म्हणालो, "आणतो. परवा नक्की." परवा! उद्या कुठे जायचं होतं मला? उद्याचा दिवस मी खणातून कॅसेट काढून समोर ठेवून घालवला. गुरुवारी सकाळी ती आणि शेजाऱ्यांचा जुना टेपरेकॉर्डर पिशवीत घालून आलो, तर वहिनी खोलीच्या बाहेर बसल्या होत्या. कुणी काही सांगायची गरज नव्हती. ते कुईकुई बंद होतं.

मग तो फोन. मग होल्ड.

कामठीत दुपारी भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. गल्लीभर पांढरे कपडे. बाबांचा बँड आता राजू चालवतो. बँडातली पोरं गणवेश न घालता, नुसती वाद्यं घेऊन आली होती. राजू माझ्याजवळ आला. "काका, 'सव्वापाच' वाजवून राहिलो आम्ही. चालन ना?"

मी म्हणालो, चालेल.

घाटाकडे जाताना पोरं ती वाजवत होती. छान बसवली होती रे. आणि ती जागा आली. मी चालता चालता पायांची बोटं आवळली. बारा माणसं, क्लॅरिनेट, ट्रंपेट, ढोल, सगळ्यांनी मिळून अचूक अर्ध्या मात्रेची उडी घेतली. एकही चुकला नाही. वराती वाजवून वाजवून पाठ झाली होती. माझं बोट. तुझ्या बाबांच्या बँडाने, तुझ्या मागे चालत, तुझ्या बाबांना वगळलं आणि बरोबर पुढच्या सुरावर उतरले. राजू तेव्हा पाळण्यात होता, त्याला काय सांगणार? ती पाच मिनिटं ऐकलेला मी एकटा उरलो होतो. मी पुढे होऊन त्यांना थांबवून म्हणू शकत होतो की थांबा, इथे आणखी काही आहे. काय आहे? मी मनात गुणगुणून पाहिलं. खालून वर येणारे तीन सूर आले. चौथा नाही आला. पुन्हा पाहिलं, तर तिसराही गेला. घाट येईपर्यंत माझ्याजवळ काहीच नव्हतं.

शालिक, एवढी वर्षं मला वाटायचं कॅसेट पुसली तरी माझ्या डोक्यात आहे. तिथेही मी 'महत्त्वाचे' एवढंच लिहून ठेवलं होतं.

ती पिशवी बारा दिवस खुंटीला होती. काल दुपारी सुनंदा बाजारात गेली होती. मी टेपरेकॉर्डर काढला. तू सांगितलं होतंस ना, जे आहे तेच.

"रसिकहो, नमस्कार!" मी सुरू झालो. काय तो आवाज! कोंबड्याच्या गळ्यात माईक अडकवावा तसा. तुझी ओळख. तुझी कामठी, तुझा हवालदार, तुझे बाबा, सगळं भरघोस विशेषणांत. मागे अमरावती रोडवरच्या ट्रकचे भोंगे. एक विनोद मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी करून पाहिला आणि तिन्ही वेळा स्वतःच हसलो. मी घड्याळ लावून बसलो होतो. दोन मिनिटं झाली. आता इथून खाली बाबा आहेत. तीन. चार. मी बोलतोच आहे. पाच. मला त्या माणसाला हलवून सांगावंसं वाटत होतं की अरे थांब, तू कुणावर बोलतो आहेस, एवढं तरी राहू दे. तो कशाला थांबतोय. सहा. सात होत आली.

आणि मागे दार वाजलं.

मी हे साफ विसरलो होतो. तू आला होतास त्या दिवशी. सव्वापाचची बस चुकवून, उशिरा, नेहमीसारखा. माझा आवाज मधेच तुटतो आणि तुझा येतो, तरुण, भरलेला, कुठेही न थांबता.

"काय करून राहिला गा एकटाच?"

"तुही ओळख करून देऊन राहिलो."

"बस कर आता. किती बोलशीन! झाली रीड ओली."

दोघंही हसतो. फरशीवर दोनदा पाय आपटल्याचा आवाज येतो. बटणाचा खटका.

पाच मिनिटं आधी आला असतास, शालिक. एकदा तरी ती बस सापडली असती तुला.

खटक्यानंतर मी बंद करणार होतो. पण फीत फिरत राहिली आणि आत तू होतास, स्टुडिओतला. बाबा संपले होते. राहिली होती ती शेवटची दोन मिनिटं, जगाकडे आहेत तीच. पण त्याच्या आधी, माझ्या बोटाने जे कापलं त्याच्या अगदी टोकाला, तू एक श्वास घेतला आहेस. लांब, खोल, तळापर्यंत. नळीशिवाय. बाबांना पोचवून परत यायला माणसाला जेवढा लागेल तेवढा.

तो कुणीच ऐकलेला नाही. तुला आणून देता आला असता.

कालपासून मी तेवढीच जागा मागे घेतोय आणि लावतोय. झाली रीड ओली. खटका. श्वास. मग बटण दाबतो. पुढचं सगळ्यांकडे आहे.